शेतसंरक्षणाची बंदूक, काळी दारू आणि काडतूस भरण्याचे यंत्र

(साकोली येथे धान उत्पादक शेतकऱ्यांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



धानाच्या लोंबीत दूध भरू लागले की आपल्या जिल्ह्यात जागलीला सुरुवात होते. रोवणीपासून तीन महिने केलेली मेहनत एका रात्रीत कशी जाते हे तुम्हाला सांगायला नको. रानडुकरांचा कळप बांधीत शिरला तर जेवढे खातो त्यापेक्षा अधिक तुडवतो, धुरे उकरतो, आणि आडवे पडलेले धान मग चिखलातच उगवते. नागझिऱ्याच्या बाजूची साकोली-लाखनीची गावे, कोका अभयारण्यालगतची भंडारा तालुक्यातील गावे, उमरेड-कऱ्हांडलाच्या कडेची पवनी तालुक्यातील गावे, सगळीकडे जंगल आणि बांधी यांच्यामध्ये कित्येकदा एक धुराच काय तो असतो. त्यामुळे शेतसंरक्षणाच्या बंदुकीचा विषय निघणे साहजिक आहे.

मी शेती अवजारांचा माणूस आहे. पेरणीयंत्र, मळणीयंत्र, फवारणी पंप यांची दुरुस्ती आणि जोडणी हे माझे काम. म्हणूनच कदाचित एक प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. तो असा : घरात आजोबांच्या काळातली दुनळी बारा बोअर बंदूक आहे, परवाना नीट आहे. नवे काडतूस या जुन्या नळ्यांत वापरू नका असे जाणकार सांगतात. परदेशात रिकामी काडतुसे पुन्हा भरण्याचे हातयंत्र मिळते म्हणे. तसे यंत्र लेथवर करून घेतले, त्यात काळ्या दारूसाठी थोडा फेरफार केला आणि घरीच हलकी काडतुसे भरली तर काय हरकत आहे?

याचे उत्तर 'नाही' असे एका शब्दात देता येते. पण कारण कळल्याशिवाय 'नाही' हा शब्द शेतकऱ्याला पटत नाही, आणि पटूही नये. म्हणून आज कारणांबद्दलच बोलू.

प्रश्नाचा पहिला भाग अगदी बरोबर आहे, हे आधी सांगतो. मालगुजारीच्या काळात आपल्या भागातील मोठ्या घरांत विलायती बंदुका आल्या. मालगुजारी १९५१ साली संपली, तलाव सरकारकडे गेले, पण काही बंदुका वारसाने परवाना बदलत आजही घरात आहेत. त्यांपैकी बऱ्याच बंदुकांच्या नळ्या लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, तापवून, ठोकून केलेल्या असतात. नळीवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसते ती याच पट्ट्यांची. ती दिसायला सुंदर असते, परंतु प्रत्येक वळणावर एक जोड असतो आणि त्या जोडात शंभर वर्षांचा गंज आतून शिरलेला असू शकतो. बाहेरून चकाकणारी नळी आतून कुजलेल्या बांबूसारखी असू शकते. शिवाय अशा बंदुकीचे घर, म्हणजे काडतूस बसते तो भाग, पुष्कळदा अडीच इंचांचे असते. आजचे काडतूस उडाल्यावर त्याचे तोंड उलगडते आणि ते पावणेतीन इंच लांब होते. आखूड घरात लांब काडतूस बसते खरे, पण त्याचे तोंड उलगडायला जागा राहत नाही, छर्ऱ्यांची वाट आवळली जाते आणि दाब एकदम वाढतो. 'बसले म्हणजे चालते' हा नियम नांगराच्या फाळालाही लागू नाही, बंदुकीला तर मुळीच नाही.

आता दारूकडे वळू. बंदुकीची दारू दोन जातींची आहे आणि त्यांच्यातला फरक हा या साऱ्या विषयाचा गाभा आहे. जुनी ती काळी दारू : सोरा, गंधक आणि कोळसा यांची. शेकडो वर्षे जगभर हीच वापरात होती. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्येई या रसायनशास्त्रज्ञाने बिनधुराची दारू तयार केली. ती नायट्रोसेल्युलोजपासून, म्हणजे मुळात कापसासारख्या तंतूपासून बनते. आपल्याच जिल्ह्यात जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत १९६० च्या दशकापासून या वर्गातील प्रणोदके तयार होत आली आहेत, त्यामुळे हे नाव येथे काही परके नाही. दुकानातील बारा बोअर काडतुसांत, खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या 'शक्तिमान' काडतुसांतही, ही बिनधुराची दारू असते.

दोघींचा स्वभाव वेगळा आहे. काळी दारू ठिणगी लागली की भडकते, मोकळ्यावर असो की बंदिस्त. परंतु तिचा दाब एका मर्यादेतच चढतो. बिनधुराची दारू मोकळ्यावर पेटवली तर नुसती भसकन जळते. हे पाहून लोकांना ती गरीब वाटते. बंद नळीत मात्र जसा दाब वाढतो तशी ती अधिक वेगाने जळते, अधिक वेगाने जळते म्हणून दाब आणखी वाढतो, आणि माप थोडे चुकले तरी नळीची सहनशक्ती संपते. दोन्हींत आणखी एक घात आहे. बिनधुराच्या दारूच्या कणांवर बहुधा ग्रॅफाइटचा मुलामा असतो, त्यामुळे तीही काळपट दिसते. डबीतली दारू रंगावरून ओळखणारा माणूस आपल्या डोळ्यांशी जुगार खेळत असतो.

माप चुकते कसे हे समजण्यासाठी आपली पायली आठवावी. पायलीभर धान आणि पायलीभर लाखोळी यांचे वजन सारखे भरत नाही, हे घरातील लहान मुलालाही ठाऊक आहे. पायली जागा मोजते, वजन मोजत नाही. काळी दारू पूर्वापार अशाच मापाने मोजली जाते, आणि त्या मापाचे नाव ड्राम. एक ड्राम म्हणजे सुमारे १.७७ ग्रॅम. बारा बोअरच्या जुन्या नेहमीच्या काडतुसात तीन ड्राम काळी दारू असे, म्हणजे सुमारे ५.३ ग्रॅम. पुढे बिनधुराची दारू आली, तेव्हा जुन्या गिऱ्हाइकाला जोर समजावा म्हणून कारखान्यांनी खोक्यावर 'तीन ड्राम समतुल्य' असे छापण्यास सुरुवात केली. त्याचा अर्थ इतकाच की तीन ड्राम काळ्या दारूने छर्रे ज्या वेगाने जातात, त्या वेगाने हे काडतूस त्यांना नेईल. आतील बिनधुराच्या दारूचे वजन प्रत्यक्षात दीड ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमीच असते. 'समतुल्य' हा शब्द न वाचता किंवा न समजता ज्याने तीन ड्राम बिनधुराची दारू भरली, त्याने तिप्पटीहून अधिक भरली. परदेशात यामुळे बंदुका फुटल्या आहेत. म्हणून तेथील जाणकार हा शब्द नवशिक्याला पहिल्याच दिवशी समजावून सांगतात.

आपल्याकडे याच चुकीचे दुसरे रूप दिसते. ठासणीच्या, म्हणजे भरमार बंदुकीसाठी काळी दारू मिळाली नाही की दुकानातले काडतूस फोडून त्यातील दारू नळीत ओतण्याचा मोह होतो. भरमार बंदूक काळ्या दारूच्या दाबासाठी बनवलेली असते. तिच्यात बिनधुराची दारू चिमूटभरसुद्धा घालू नये. मिसळूनही घालू नये. या एका बाबतीत मी कोणतीही सवलत द्यायला तयार नाही.

आता त्या यंत्राबद्दल. तुमच्यापैकी काहींनी चित्रात पाहिले असेल. टेबलाला घट्ट बसवलेला एक उभा दांडा, वर-खाली होणारी मूठ, आणि त्याखाली ओळीने चार-पाच ठिकाणे. एका ठिकाणी वापरलेल्या काडतुसाची जुनी टोपी निघते आणि पितळी बूड पुन्हा मापात येते, पुढे नवी टोपी बसते, मग दारू पडते, दारूवर डाट दाबला जातो, छर्रे पडतात आणि शेवटी तोंड दुमडले जाते. वर दोन बाटल्या उलट्या बसवलेल्या असतात, एक दारूची आणि एक छर्ऱ्यांची. दोन्हींच्या खाली एक सरकती पट्टी असते, तिला भोके असतात. पट्टी एकीकडे सरकवली की भोक दारूने भरते, दुसरीकडे सरकवली की काडतुसात रिते होते. आपल्या पेरणीयंत्रातील बी मोजण्याची चकती जे करते तेच ही पट्टी करते. यंत्र म्हणून ते छान आहे. कमी भागांत पुष्कळ काम होते, आणि अवजाराच्या माणसाला ते पाहून आनंद होतो हे मी लपवत नाही.

परंतु हे यंत्र बिनधुराच्या दारूसाठी रचलेले आहे, आणि काळ्या दारूसमोर त्याचा जवळजवळ प्रत्येक भाग अडतो. सरकती पट्टी भोकाच्या काठावर दारूचे कण कापते, चिरडते. बिनधुराच्या दारूला याचे फारसे काही वाटत नाही. काळी दारू मात्र घर्षण, ठिणगी आणि आघात यांना भिते. त्यातून वरच्या बाटलीत पाव-अर्धा किलो दारू मूठ चालवणाऱ्याच्या तोंडासमोर, हातभर अंतरावर टांगलेली असते. खाली त्याच टेबलावर टोप्या बसवल्या जात असतात, आणि टोपी हा आघाताने पेटण्यासाठीच केलेला पदार्थ आहे. एक टोपी वेडीवाकडी बसून फुटली तर काय होईल याचा विचार तुम्हीच करा.

म्हणून ज्या देशांत परवानगीने आणि हौसेने लोक काळ्या दारूची काडतुसे भरतात, तेथे अनुभवी माणसे यंत्रात काय फेरफार करतात? दारूची बाटली काढून ठेवतात. सरकत्या पट्टीतून दारू जाऊच देत नाहीत. यंत्रापासून दूर, वेगळ्या टेबलावर, ठरावीक मापाच्या पितळी पळीने एकेक काडतूस हाताने भरतात आणि डबीचे झाकण प्रत्येक वेळी लावतात. पितळ का, तर लोखंडासारखी ठिणगी ते टाकत नाही. भंडाऱ्याला पितळेची भांडी घडवणाऱ्यांची परंपरा आहे, त्यांना हा गुण सांगावा लागणार नाही. पुढे, काळी दारू जागा जास्त घेते, त्यामुळे यंत्राबरोबर येणारा प्लॅस्टिकचा उंच डाट काडतुसात मावत नाही. मावला तरी काळ्या दारूच्या उष्णतेने प्लॅस्टिक वितळून नळीला आतून लेप बसतो. म्हणून पुठ्ठा आणि लोकरीचे नमदे यांचे डाट वापरावे लागतात, आणि ते दाबण्याच्या दांड्याची उंची पुन्हा जुळवावी लागते. दारू आणि डाट यांच्यात मोकळी जागा राहून चालत नाही. प्लॅस्टिकच्या काडतुसाचे तोंड एक-दोन वेळा उडाल्यावर जळून गळते, मग दुमडण्याचा साचाही निरुपयोगी ठरतो.

लक्षात घ्या, याला फेरफार म्हणण्यापेक्षा यंत्राचा निम्मा भाग बाजूला ठेवणे म्हणावे लागेल. यंत्र घेण्याचे कारण वेळ वाचवणे, आणि काळ्या दारूसाठी सुरक्षित व्हायचे तर वेळ वाचवणारा भागच आधी काढावा लागतो. पेरणीयंत्रातून बियाण्याची पेटी काढून मागे बाईने हाताने बी टाकत चालायचे असेल, तर ते यंत्र ओढायचे कशाला?

एवढे झाले तरी मूळ प्रश्न सुटत नाही. शंभर वर्षांची नळी काळ्या दारूलाही पुरेशी आहे का, हे काडतूस भरणारा सांगू शकत नाही. चाचणीचे शिक्के नळीखाली, लाकूड काढल्यावर दिसतात. त्यांत 'नायट्रो प्रूफ' हे शब्द नसतील तर ती बंदूक बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली नाही असेच समजावे. असतील तरी ती चाचणी त्या काळातील नळीची होती, आजच्या गंजलेल्या नळीची नव्हे. परवानाधारक बंदूक कारागिराकडून नळीची जाडी आणि आतील खड्डे तपासून घ्यावेत, आणि तो 'नको' म्हणाला तर ती बंदूक कायमची विश्रांतीला पाठवावी. परवान्यावर आहे म्हणून ती उडवलीच पाहिजे असा काही कायदा नाही.

कायद्याचे नाव निघाले तर तेही पाहू, कारण येथे बहुतेकांची समजूत चुकीची असते. 'बंदुकीचा परवाना आहे, मग काडतूस मी विकत घेतो की घरी भरतो हा माझा प्रश्न,' असे म्हणणारे भेटतात. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये दारूगोळ्याची व्याख्या कलम २ मध्ये दिली आहे. त्या व्याख्येत दारूगोळ्याचे भाग येतात, आणि दारूगोळा तयार करण्याची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे काडतूस भरण्याचे यंत्र, त्यात एक कणही दारू नसली तरी, कायद्याच्या नजरेत दारूगोळाच आहे. कलम ५ प्रमाणे शस्त्र आणि दारूगोळा तयार करणे, विकणे, त्यात बदल करणे, दुरुस्त करणे, तपासणे या सर्वांना स्वतंत्र परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा परवाना त्यासाठी चालत नाही. हे कलम मोडले तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप, अशी शिक्षा आहे.

आपल्या तुमसर, लाखनी, साकोली येथील लेथ आणि वेल्डिंगच्या दुकानदारांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. ओळखीचा माणूस नकाशा घेऊन येतो, 'फक्त एवढी पट्टी आणि एवढा साचा करून दे' म्हणतो. तो घरी जातो, मजुरीचे पाचशे रुपये तुमच्या गल्ल्यात राहतात, आणि खटल्यात नाव मात्र दोघांचे येते. भरमार बंदुकीची सैल झालेली चूक वेल्डिंगने बसवून देणे हेसुद्धा 'दुरुस्ती' या शब्दात मोडते. आणि भरमारला काडतुसी बंदूक बनवणे म्हणजे एका वर्गाच्या शस्त्राचे दुसऱ्या वर्गात रूपांतर. तेही परवान्याशिवाय करता येत नाही.

याच अधिनियमात शेतकऱ्याच्या बाजूचीही तरतूद आहे, ती कमी जणांना माहीत असते. कलम १३ नुसार, खरोखर पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक हवी असेल, तर इतर अटी पूर्ण झाल्यावर परवाना देण्याची तरतूद स्पष्टपणे केलेली आहे. ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही मंजूर करता येते. म्हणजे जुनी दुनळी निरुपयोगी ठरली तर रीतसर मार्ग हा आहे : जुने शस्त्र परवाना असलेल्या विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करून, सातबारा आणि पीक नुकसानीचे जुने पंचनामे जोडून जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करणे. परवान्याची मुदत २०१९ पासून पाच वर्षांची झाली आहे. एका वेळी किती आणि वर्षाला किती दारूगोळा घेता येईल हे परवान्यावर लिहिलेले असते. ते वाचावे.

अभयारण्याजवळच्या गावांसाठी आणखी एक गोष्ट. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३४ नुसार अभयारण्यात किंवा त्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने आपले नाव वन विभागाकडे नोंदवावे लागते, आणि अशा भागात मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय नवा शस्त्र परवाना देता येत नाही. नागझिरा जुने, परंतु उमरेड-कऱ्हांडला २०१२ चे आणि कोका २०१३ चे. त्यामुळे अनेक गावे अलीकडेच या दहा किलोमीटरांत आली आहेत. ज्यांनी नोंद केलेली नाही त्यांनी वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करावी.

आणि बंदुकीचा परवाना म्हणजे रानडुक्कर मारण्याची परवानगी नव्हे. ती कलम ११ खाली वेगळी, लेखी मिळते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर अनुसूची दोनमध्ये आहे. लेखी आदेश हातात नसताना केलेला बार ही शिकार ठरते.

ज्यांच्याकडे परवान्याची भरमार आहे आणि रीतसर मिळालेली काळी दारू आहे, त्यांच्यासाठी आता थोडे कामाचे बोलतो. दारू मूळ डबीतच ठेवावी. स्वयंपाकघरात, चुलीच्या वरच्या फळीवर, विजेच्या बोर्डाखाली ठेवू नये. टोप्या वेगळ्या खोलीत किंवा निदान वेगळ्या कुलुपात असाव्यात. पावसाळ्यात दारू दमट होऊन तिचे गोळे होतात. ते खलबत्त्यात कुटू नयेत, तव्यावर किंवा चुलीजवळ वाळवू नयेत. दमट दारू टाकाऊ समजून ती नष्ट कशी करायची हे परवानाधारक विक्रेत्यास विचारावे. आपल्याकडे तेंदूपत्ता आणि विडी यांचे काम घरोघरी. विडी ओढणाऱ्याचा हात नकळत तोंडाकडे जातो. दारूची डबी उघडण्यापूर्वी विडी, काडेपेटी आणि मोबाइल तिघांनाही बाहेर ठेवावे. मोबाइल यासाठी की लक्ष विचलित होते. दुसरे काही कारण नाही.

बार झाल्यावर नळीत पेटलेला कण रेंगाळू शकतो. म्हणून मोठ्या डबीतून किंवा शिंगातून थेट नळीत दारू कधीही ओतू नये. आधी एका मापाची दारू छोट्या मापात घ्यावी, डबी बंद करून दूर ठेवावी, मगच ओतावी. गजाने डाट आणि छर्रे दारूला टेकेपर्यंत बसले पाहिजेत. मध्ये पोकळी राहिली तर नळी त्या जागी फुगते किंवा फुटते. यासाठी गजावर खूण करून ठेवण्याची जुनी रीत चांगली आहे. ती खूण नळीच्या तोंडाशी आली नाही, तर बार करू नये. घोडा पडून बार झाला नाही तर नळी मोकळ्या दिशेला धरून निदान दोन मिनिटे तशीच थांबावे, डोकावू नये. ठासताना तोंड आणि छाती नळीच्या रेषेत ठेवू नये. भरलेली भरमार घरात टांगून ठेवण्याची काही गावांतील सवय आजपासून मोडावी. जागल संपली की बंदूक रिकामी झालीच पाहिजे.

धुण्याबद्दल सविस्तर सांगतो, कारण बंदुकी बहुधा येथेच बिघडतात. काळी दारू जळल्यावर तिच्या वजनापैकी निम्म्याहून अधिक भाग घन राखेच्या रूपात उरतो. त्यात पोटॅशियमचे क्षार असतात आणि ते हवेतील ओल ओढून घेतात. ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट हवेत संध्याकाळी बार केलेली नळी सकाळी लालसर दिसते ती यामुळेच. अनेकजण रॉकेल किंवा तेल लावलेला फडका फिरवतात. परंतु हे क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, नळी काढता येत असेल तर काढून, कढत पाण्याने आतून धुवावी. थोडा साबण चालेल. पाणी स्वच्छ येईपर्यंत गजाला चिंधी लावून घासावे. कढत पाण्याचा फायदा असा की लोखंड तापते आणि लवकर सुकते. पूर्ण कोरडी झाल्यावरच तेलाचा पातळ हात द्यावा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा पांढरा फडका फिरवून पाहावा. फडका तांबूस आला तर धुणे अपुरे झाले होते. टोपी बसते त्या चुकेचे बारीक छिद्र सुईने मोकळे करावे. हे सारे त्याच रात्री करावे. 'उद्या पाहू' म्हटले की खड्डे पडतात आणि एकदा पडलेला खड्डा बुजत नाही.

अपघात झालाच तर भाजलेल्या भागावर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. हळद, शाई, टूथपेस्ट लावू नये. डोळ्यात कण गेले तर चोळू नये, झाकून १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. जखमेचे कारण डॉक्टरांना खरे सांगावे. शस्त्राच्या भीतीने खोटे कारण सांगून उपचार चुकू देऊ नयेत.

दारूच्या कामात अनुभव आणि शिस्त पुरेशी असतेच असे नाही. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत झालेल्या स्फोटात आठ कामगार गेले. तेथे प्रशिक्षित माणसे होती, जाड भिंती होत्या, सुरक्षेचे नियम होते. ते सारे असूनही जे घडले ते आपण पाहिले. गोठ्याच्या पडवीत, कंदिलाच्या उजेडात, लेथवर केलेल्या साच्यातून काडतूस भरणाऱ्याच्या भोवती यांपैकी काय असते? बंदूक नको म्हणून पाइप आणि कार्बाइडची तोफ करणाऱ्यांनाही हेच लागू आहे. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात अशा कार्बाइड बंदुकांनी अनेक मुलांच्या डोळ्यांना इजा झाली. डुकरांसाठी गव्हाच्या गोळ्यात दडवलेले स्फोटक तर कुणाच्या बैलाने खाल्ले हे नंतर समजते. आणि कुंपणात सरळ वीज सोडणे हा माणूस व वाघ दोघांचाही जीव घेण्याचा प्रकार आहे. एप्रिल २०१७ मध्ये नागभीड भागात श्रीनिवास हा वाघ अशाच तारेने मेला.

पीक जाते त्याचे काय, हा प्रश्न उरतोच. बॅटरीवर चालणारे सौर कुंपण झटका देते, पण जीव घेत नाही. त्यासाठी वन विभागाच्या योजनेतून अनुदान मिळते. गावाने मिळून सलग कुंपण केले तर ते एकेकट्या बांधीच्या कुंपणापेक्षा पुष्कळ अधिक टिकते, कारण डुकरे मोकळी कड शोधतात. नुकसान झाले की सकाळीच वनरक्षक आणि तलाठी यांना कळवावे आणि पंचनामा होईपर्यंत तुडवलेले धान उचलू नये. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केल्याप्रमाणे खरीप २०२६ पासून प्रधानमंत्री पीक विमा योजनेत वन्यप्राण्यांमुळे होणारे नुकसान आणि धानाचे पाण्याखाली जाणे ही जोखीम पुन्हा घेतली आहे. आपला जिल्हा आणि आपले पीक अधिसूचनेत आहे का हे कृषी सहायकाकडून विमा भरण्यापूर्वीच पाहून घ्यावे. नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत विम्याच्या ॲपवर फोटोसह द्यावी लागते. फोटो बांधीत उभे राहूनच काढावा, म्हणजे त्यात जागेची नोंद आपोआप येते. घरी येऊन काढलेला फोटो चालणार नाही. ज्यांच्याकडे तसा फोन नाही त्यांनी शेजारच्या मुलाला पहाटेच सोबत न्यावे.